दप्तराचा काटा

कापूस असो की केळी, आपल्या खान्देशात काट्यावर चढल्याशिवाय काही विकलं जात नाही; पोरांचं दप्तर तेवढं अंदाजपंचे. ऑगस्ट 2016मध्ये चंद्रपूरच्या सातवीतल्या दोन मुलांनी चक्क पत्रकार परिषद घेऊन आपल्या दप्तराचं वजन सांगितलं होतं: पाच ते सात किलो, आणि वर्ग तिसऱ्या मजल्यावर! मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांचा सरकारी नियम 2015मध्येच निघाला होता. म्हणजे तीस किलोच्या पोराला फक्त तीन किलो. मग वह्यांचं ओझं कमी व्हावं म्हणून सरकारने 2023मध्ये पुस्तकांतच कोरी पानं घातली आणि 2025मध्ये तो निर्णय मागे घेतला. तेव्हा जळगाव-धुळ्याच्या शाळांनी दप्तरं तोलण्याचं काम सरळ गणितातल्या शेकडेवारीच्या धड्याला जोडावं. रद्दीवाल्याकडचा आकड्याचा ताणकाटा पुरे. मात्र सोमवार ते शनिवार रोज तोला आणि वहीत लिहा, नाहीतर एका दिवसाच्या आकड्यावर सर म्हणतील, ‘आज चित्रकला होती ना!’ रिकामं दप्तर, डबा आणि बाटली वेगवेगळी तोला. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो. आपल्याकडच्या उन्हात बाटली घरी ठेव असं कुठली आई म्हणेल? तेव्हा शाळेच्या पाण्याच्या टाकीचीही नोंद त्याच वहीत हवी.