आधी पाखरू, मग छायाचित्र

हिवाळ्यात जयगडला शास्त्री नदीच्या मुखाशी सकाळच्या ओहोटीला जाऊन पाहा. पाणी ओसरून उघड्या पडलेल्या चिखलात चिखल्या, तुतारी असे चिमुकले पाणपक्षी लगबगीने किडे व कृमी टिपत असतात. हातात कॅमेरा असला की वाटते, टाळी वाजवावी, थवा उडवावा आणि झकास छायाचित्र घ्यावे. माझ्या मते हा मोह आवरलाच पाहिजे.

कारण साधे आहे. यांतले कितीतरी पक्षी उत्तर आशियातून हजारो किलोमीटर उडून येतात. परतीच्या प्रवासासाठी त्यांना येथेच अंगात चरबी साठवावी लागते. पण भरती आली की चिखल पाण्याखाली जातो. म्हणजे रात्रंदिवसात त्यांचे ताट दोनदाच वाढले जाते! अशा वेळी थवा उडवला, तर जेवण मोडते आणि साठवलेली शक्तीही खर्च होते.

मग कॅमेरा घरी ठेवावा का? मुळीच नाही. लांब, खाली बसून राहा. पक्षी चरणे सोडून माना उंचावू लागले, की पुढे सरकू नका. छायाचित्रासोबत तारीख, वेळ, जागा आणि पक्ष्यांची संख्या वहीत लिहा. १९८७ मध्ये सुरू झालेली, जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना अशाच साध्या मोजणीवर उभी आहे.

गावच्या तळ्यावरही हाच नियम पाळा. तुम्ही उठून निघालात तरी पाखरे चरतच राहिली, तर निरीक्षण उत्तम झाले असे खुशाल समजा.