हलकें अन्न कोणी ठरविलें?

नाकाडोंगरी हें भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यांतील गांव. सभोंवार धानाच्या बांध्या, त्याच तालुक्यांत चिखला व डोंगरी बुजुर्ग येथें मँगनीजच्या खाणी. धान पिकविणारा कुणबी, अवजारें घडविणारा लोहार व सुतार, खाणींत खपणारा मजूर, यांच्या ताटांत आजवर काय पडलें व कां, याचा आमच्या वाचकांनीं एकदां विचार करावा.

धान या मुलखांत पूर्वींपासून पिकतें. पण मालगुजार व सावकार यांचें देणें फेडतां फेडतां गरिबाचें कोठार रितें होई. मग घरांत पेज, मोहाचीं फुलें आणि लाखोरी. लाखोरी धान कापण्यापूर्वीं उभ्या बांधींतच फेकतात. तिला नांगर नको, फारसें पाणी नको. इतर पीक बुडालें तरी ती तगते, म्हणून ती गरिबाची डाळ झाली. परंतु तिच्यांत विषारी द्रव्य आहे. महिनोगणती तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय लुळे पडतात. मध्य हिंदुस्थानांत कित्येक ठिकाणीं मजुरांस मजुरी म्हणून हीच डाळ मिळे! 1961 सालीं सरकारानें तिच्या विक्रीस मनाई करण्याचा नियम केला. पण दोष एकट्या डाळीचा काय? ज्याच्या ताटांत दुसरें कांहीं नव्हतें, तोच लुळा पडला.

आतां तांदुळाचें पाहा. उखळांत कांडलेला तांबूस तांदूळ गांवढळ, आणि गिरणीचा पांढराशुभ्र तांदूळ प्रतिष्ठेचा, असें आम्हांस कोणी शिकविलें? जावा बेटांत आइकमन नांवाच्या डच डॉक्टरानें सडलेल्या तांदुळावर पोसलेल्या कोंबड्या लुळ्या पडलेल्या पाहिल्या. कोंड्यासकट तांदूळ देतांच त्या बऱ्या झाल्या. या शोधाबद्दल 1929 सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. जो कोंडा आपण गुरांपुढें टाकतों, त्यांतच सत्त्व होतें!

कोदो-कुटकीवरून गोंड बांधवांस हिणविलें गेलें. पुढें 2023 हें वर्ष साऱ्या जगानें भरड धान्याचें म्हणून पाळलें, आणि तेंच धान्य शहरांत पुडींतून महाग विकूं लागलें. धान्य तेंच, खाणारा बदलला, तशी त्याची जात बदलली.

जोतीराव फुले यांनीं 1883 सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून शेतकऱ्याच्या दैन्याचें मूळ दाखविलें. अन्नाचा उच्चनीचपणाही त्याच मुळावर वाढला आहे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानें प्राधान्य कुटुंबांस माणशीं दरमहा 5 किलो धान्य ठरविलें, व 1 जानेवारी 2023 पासून तें फुकट झालें. हें चांगलेंच झालें. पण त्या कायद्यांत डाळ नाहीं. पोट भरतें, अंग भरत नाहीं.

सबब बांधवांनो, पेजेची लाज धरूं नका. सारें धान विकून पांढरा तांदूळ विकत आणूं नका. लाखोरी खाणें झालें तर थोडी, इतर अन्नासोबत, गरम पाण्यांत भिजवून तें पाणी फेकून मगच खा. त्यानें विष कमी होतें, सर्व जात नाहीं. घरांतील बायामाणसांस शेवटीं उरलेलें वाढूं नका. आणि ग्रामसभेंत उठून एकच प्रश्न विचारा : आमच्या ताटांतली डाळ कोठें आहे?