पाय हलला!

खूप दिवस हे लिहायचं मनात होतं आणि टाळत होते. ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यातली निम्मी मंडळी हा ब्लॉग वाचतात, उगाच कुणाचं मन दुखवा कशाला! पण गेल्या आठवड्यात पुन्हा तोच फोन आला. "अगं, नानाचा पाय हलला! चांगला वीतभर उचलला गेला पलंगावरून. आता येतोय बघ जीव पायात." आवाजात इतका आनंद होता की मला "हो का? वा!" एवढंच म्हणता आलं. फोन ठेवल्यावर वाटलं, जे फोनवर तोंडातून निघत नाही ते इथे तरी लिहावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नानामामा २०२३ च्या मे महिन्यात आंबे काढताना झाडावरून पडला. छातीमागचा सहावा मणका मोडला आणि त्याच्या आतला मज्जारज्जू चिरडला गेला. तिथून खाली संवेदना नाही, हालचाल नाही. सुरुवातीचे पाच-सहा आठवडे पाय ओल्या फडक्यासारखे पडून होते, उचलून ठेवाल तिथे. मग एका संध्याकाळी मामी चादर बदलत होती आणि उजव्या पायाने ताडकन लाथ मारली. मामीने देवापुढे साखर ठेवली. शेजारच्या काकू पेढे घेऊन आल्या. मी तिथेच होते, मीही रडले. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी व्यायाम करून घेणारा मुलगा आला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मामा, आता तुम्ही हलवा बघू." मामाने डोळे अंगठ्यावर रोखले, कपाळावरची शीर फुगली, पण पाय ढिम्म. मग त्या मुलाने तळव्यावरून किल्लीचं टोक ओढलं. पाय परत उडाला. "हा तुमचं ऐकून हलत नाहीये," तो हळूच म्हणाला.

मामा म्हणाला, "मग कुणाचं ऐकतोय?"

हा प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना. उत्तर शोधता शोधता बरंच वाचलं, आणि त्यातून एक मत झालंय ते सांगते. शाळेत आपल्याला मज्जातंतू म्हणजे वायर असं शिकवलं, तिथेच घोटाळा झाला. मेंदू म्हणजे पॉवरहाऊस, मज्जारज्जू म्हणजे मेन लाइन, पाय म्हणजे पंखा. वायर तुटली की पंखा बंद आणि पंखा फिरला की लाइट आले! या हिशेबाने पाय हलला तर पेढेच वाटायला हवेत.

पण ती वायर नाहीच. बहुतेक ठिकाणी एका चेतापेशीचा तंतू दुसरीला चिकटलेला नसतो. मध्ये फट असते, साधारण २० नॅनोमीटरची. केसाच्या जाडीचे काही हजार भाग केले तर त्यातला एक. विजेचा संदेश तंतूच्या टोकापर्यंत येतो आणि तिथेच संपतो. टोकात कॅल्शियम शिरतं, रसायनाने भरलेल्या बारीक पिशव्या पेशीच्या कडेला जुळून उघडतात, रसायन फटीत सांडतं आणि पलीकडच्या पेशीवर ठरलेल्या जागी जाऊन बसतं. अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास सगळा कारभार. आणि मला न शिकवलेली गोष्ट अशी की पलीकडे गेलेला निरोप दर वेळी 'कर' असा नसतो. 'करू नको' असाही असतो. ग्लुटामेट हे 'कर' म्हणणारं मुख्य रसायन. 'नको' म्हणणारी दोन मोठी: एक गाबा आणि दुसरं, मज्जारज्जूत विशेष महत्त्वाचं, ग्लायसिन. आता वायर 'नको' कसं म्हणणार? ती फार तर गप्प बसेल. गप्प बसणं आणि 'नको' म्हणणं यात किती फरक आहे हे सासर-माहेर दोन्ही पाहिलेल्या बाईला वेगळं सांगायला नको!

गंमत म्हणजे चेतापेशी रसायनातून बोलतात याचा पहिला भक्कम पुरावा मिळाला तोच मुळी 'हळू' या निरोपातून. ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावी ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकांची दोन हृदयं घेतली. पहिल्या हृदयाचा वेग कमी करणारा मज्जातंतू विजेने डिवचला, ते मंदावलं. त्याच्या भोवतीचं पाणी काढून दुसऱ्या हृदयावर घातलं, तर तेही मंदावलं, त्याला कुणी हात लावलेला नसताना! म्हणजे निरोप पाण्यात उतरला होता. हा प्रयोग स्वप्नात सुचला, असं लोवी स्वतःच सांगत. पहिल्या रात्री अर्धवट झोपेत खरडलेलं सकाळी त्यांना वाचताच आलं नाही, म्हणून दुसऱ्या रात्री परत तेच स्वप्न पडल्यावर उठून तडक प्रयोगशाळा गाठली. (मी उशाशी वही ठेवून पाहिली. सकाळी वहीत 'दूध' एवढंच होतं.) १९३६ साली हेन्री डेल यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं.

हृदयाचं ठीक, पण मेंदू आणि मज्जारज्जूच्या आत? तिथे तर वीजच एका पेशीतून दुसरीत उडी मारत असणार, असं मानणारे बरेच होते आणि त्यांचे म्होरके होते जॉन एकल्स. १९५१ साली न्यूझीलंडमधल्या डुनेडिन इथे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजराच्या मज्जारज्जूतल्या एका चेतापेशीच्या आत काचेची अतिसूक्ष्म नळी घातली आणि स्नायूला थांबवणारा संदेश तिच्यापर्यंत पोचतो तेव्हा नेमकं काय होतं ते मोजलं. पेशीच्या आतला भार मुळात ऋण असतो, साधारण उणे ७० मिलिव्होल्ट. तो आणखी ऋण झाला. एकल्स ज्या विजेच्या बाजूने भांडत होते तिच्या हिशेबाने उलटं व्हायला हवं होतं. त्यांनी आपलं मत बदललं, तेही जाहीरपणे. मला या माणसाचं फार कौतुक वाटतं. वर्षानुवर्षं हिरिरीने मांडलेलं मत एका मोजणीवर सोडून द्यायचं! आमच्या घरात अजून चहात साखर आधी की दूध आधी यावर समेट नाही. १९६३ साली एकल्सनाही नोबेल मिळालं.

या 'नको'चं मोल कळायला कोकणातल्या माणसाला लांब जायची गरज नाही. काजऱ्याचं झाड आपण सगळ्यांनी पाहिलंय, आणि लहानपणी त्या नारिंगी फळांना हात लावला म्हणून आजीचा धपाटाही खाल्लाय. त्याच्या बियांतलं स्ट्रिक्निन हे विष ग्लायसिनची जागा अडवून बसतं. म्हणजे विष कुठला नवा हुकूम देत नाही, फक्त 'नको' ऐकू येऊ देत नाही. एवढ्यानेच नुसता आवाज झाला, नुसता स्पर्श झाला तरी सगळे स्नायू एकदम आखडतात, श्वासाचेसुद्धा. आणि धनुर्वात. त्याचे जंतू जखमेत विष तयार करतात, ते मज्जातंतूतून चढत मज्जारज्जूत पोचतं आणि ग्लायसिन-गाबाच्या पिशव्या उघडूच देत नाही. पाठीचे मोठे स्नायू जिंकतात आणि माणूस धनुष्यासारखा वाकतो. म्हणून तर त्या रोग्याला शांत, अंधाऱ्या खोलीत ठेवायचं. धनुर्वातात शरीराला हुकूम कमी पडत नाहीत, अडवणारं कुणी उरत नाही.

आता मामाच्या प्रश्नाकडे येते. कुणाचं ऐकतोय पाय?

मणका मोडला तिथे मेंदूकडून खाली येणारे तंतू तुटले. पण त्याखालचा मज्जारज्जू मेलेला नाही. तिथल्या चेतापेशी जिवंत आहेत, पायाकडून येणारे संदेश त्यांना अजून मिळतात आणि त्या जागच्या जागी उत्तर देतात. पुस्तकात ज्याला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात तीच. गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय उडतो ना, त्यात मेंदूला कुणी विचारत नाही. तुमच्या-माझ्या अंगात या क्रियांवर वरून सतत दाब असतो, तळव्याला चादर लागली म्हणून आपण लाथ मारत नाही. मामाच्या अंगात तो दाब गेला. पहिले काही आठवडे खालच्या पेशी सुन्न होत्या. मग हळूहळू त्या जास्तच हळव्या झाल्या आणि थोडक्या कारणाने पेटू लागल्या. पाय हलला तो वरून निरोप पोचला म्हणून नव्हे. वरून 'नको' म्हणणारं कुणी उरलं नाही म्हणून.

हे मामाला सांगायला मला तीन महिने लागले. तो बराच वेळ कौलांकडे बघत पडला होता. मग म्हणाला, "म्हणजे घरात वडीलमाणूस नसल्यावर पोरं करतात तसं." हो मामा, अगदी तसंच.

आता जे लिहायला बसले ते. मामाला बॅक्लोफेनची गोळी आहे. गाबाची थोडीफार नक्कल करणारं औषध आहे ते, गेलेल्या 'नको'ची अंशतः भरपाई. २०२४ च्या पावसाळ्यात आपल्यातल्याच एकांनी (नाव घेत नाही, वाचतायत) ती गोळी बंद करवली. तर्क असा: "पाय आत्ता कुठे हलायला लागलेत आणि तुम्ही त्यांना गोळ्या देऊन झोपवताय?" वायरीच्या हिशेबाने बिनतोड! दुसऱ्या रात्री मामाचे दोन्ही पाय पोटाशी ओढले गेले, सुटेनात. अंग घामाने भिजलं. माडीवर कोण चालतंय म्हणून विचारायला लागला. आमच्या घराला माडीच नाही. पहाटे गाडी करून नेलं तेव्हा डॉक्टर आधी मामीवरच ओरडले, आणि तिने ते ऐकून घेतलं, कुणाचं नाव न सांगता. ही गोळी एकदम थांबवली तर झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. कमी करायची तर डॉक्टरांनी, हळूहळू.

मी रागावलेली नाही. प्रेमापोटीच केलं होतं. आशा ठेवू नका असंही मी म्हणत नाही. ज्यांचा मज्जारज्जू अर्धवट दुखावला आहे अशांची हालचाल परत येते, काहींची बरीच येते. पण तिची परीक्षा त्या व्यायामवाल्या मुलाने घेतली तीच: सांगितल्यावर हलतो का? नुसतं हलणं हे काही उत्तर नव्हे. उलट मामाचा पाय एकाएकी जास्त उडायला लागला तर आम्ही आता पेढ्यांऐवजी थर्मामीटर आणतो. लघवीत जंतुसंसर्ग, पाठीला जखम, वळलेली नळी, ज्या गोष्टी त्याला खाली जाणवत नाहीत त्या पायाला कळतात. मागच्या दिवाळीत टाचेखालची जखम अशीच वेळेवर सापडली. तेवढ्यापुरता पाय कामाचा आहे.

आणि फोनवर सांगण्यासारख्या गोष्टी आहेत की! मामा आता फळीवरून सरकत पलंगावरून खुर्चीत एकटा येतो. आठ महिने लागले त्याला. खांदे, दंड, सगळं त्याचं ऐकून हलतं. पडवीत बसून सुपाऱ्या सोलतो, मामीवर ओरडतो. त्याबद्दल मला आजवर एकही फोन आलेला नाही.

गेल्या महिन्यात गेले तेव्हा रात्री त्याच्या खोलीतून धप्प आवाज आला. उठून पाहिलं तर पाय पलंगाच्या कडेवर आपटला होता. मामा जागाच होता. त्याने हाताने गुडघा धरला, पाय सरळ केला, तळव्याखाली उशी दाबून ठेवली आणि थरथर थांबेपर्यंत हात तसाच ठेवला.

"झोप तू," मला म्हणाला. "बघतो मी त्याच्याकडे."