वरून कोरडा, आतून ओला

'सायबरपंक 2077' हा व्हिडिओ गेम आता सुधारला, यावर बहुतेकांचं एकमत झालेलं आहे. 2020 साली तो मोडक्या अवस्थेत बाजारात आला, कंपनीची जगभर छी-थू झाली, मग तीन वर्षं खपून कंपनीने तो दुरुस्त केला आणि गेलेली इज्जत परत कमावली, अशी ती गोष्ट सांगितली जाते. तौबा करून सुधारलेल्याची गोष्ट सगळ्यांनाच आवडते, मलाही आवडते. पण हीच गोष्ट अमरावती-अकोल्यातून पाहिली की तिला एक मोठं भोक दिसतं. ज्या यंत्रावर हा गेम सर्वांत वाईट चालत होता, त्या यंत्रापर्यंत ती शेवटची मोठी दुरुस्ती आलीच नाही. आणि आपल्याकडच्या पोरांच्या घरी नेमकं तेच यंत्र आहे.

हे लिहायचं निमित्त म्हणजे माझा अकोल्याचा भाचा. त्याच्याकडे सेकंड हँड प्लेस्टेशन 4 आहे. या गेमची जुनी डिस्क स्वस्तात मिळते आहे आणि इंटरनेटवर जो तो म्हणतो की आता तो उत्तम झाला आहे. त्याने मला फोन करून विचारलं, "मामू, सच में सुधर गया क्या? ले लूं?" मी म्हटलं, थांब.

आपल्या समाजात व्हिडिओ गेम म्हटलं की दोनच प्रतिक्रिया येतात. एक, पोरं बिघडतात. दोन, वेळ वाया जातो. तालीम, वक्फ, आरक्षण सोडून हा माणूस गेमवर काय लिहितो, असं काहींना वाटेल. पण ज्या गोष्टीवर आपली मुलं पैसे आणि वर्षं खर्च करतात, ती खोटी आहे की खरी याची चौकशी मोठ्यांनी करायची नाही, तर कोणी करायची?

रोल-प्लेइंग गेम म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. नुसत्या गोळ्या झाडणं नाही. तुम्ही एक पात्र होता, ते कुठून आलं, कसं बोलतं, कोणाला वाचवतं, कोणाला दगा देतं, हे तुम्ही ठरवता आणि कथा त्याप्रमाणे वळते. 'सायबरपंक' मुळात कागद, फासे आणि गप्पांवर खेळायचा खेळ. माइक पॉन्डस्मिथ यांनी तो 1988 मध्ये काढला. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने त्यावरून व्हिडिओ गेम करत असल्याचं 2012 मध्ये जाहीर केलं. याच कंपनीने 2015 मध्ये 'द विचर 3' दिला होता, त्यामुळे लोकांनी डोळे झाकून विश्वास टाकला. बाजारात येण्याआधीच 80 लाख प्रतींची मागणी नोंदली गेली होती.

आणि गेममध्ये दम आहेच. मी तो 2023 च्या शेवटी एका मित्राच्या चांगल्या कॉम्प्युटरवर खेळलो. नाइट सिटी नावाचं शहर, जिथे माणसाचे डोळे, हात, मेंदू सगळं कंपन्यांच्या मालाने बदलता येतं आणि मग माणूसच त्या कंपनीचा माल होऊन बसतो. नायकाच्या, किंवा नायिकेच्या, डोक्यात एक चिप बसते. तिच्यात मेलेल्या एका बंडखोर गायकाचं मन साठवलेलं आहे आणि ते हळूहळू यजमानालाच गिळत चाललं आहे. पण मला सर्वांत जास्त हलवलं ते जोशुआच्या प्रसंगाने. जोशुआ हा खुनी, मृत्युदंडाचा कैदी. तुरुंगात त्याला ईमान सापडलं आहे आणि येशूसारखं क्रुसावर मरून लोकांना काही द्यायचं त्याच्या मनात आहे. एक मनोरंजन कंपनी त्याच्या त्या वेदनेचं रेकॉर्डिंग करून विकणार आहे. तुम्ही त्याला धीर देऊ शकता, त्याच्यासोबत दुआ करू शकता, त्याच्या मनात शंका पेरू शकता, किंवा निघून जाऊ शकता. खिळे ठोकायची वेळही तुमच्यावर येते. श्रद्धा खरी असली आणि तिचा बाजार मांडणारा दुसराच असला, तर त्या श्रद्धेचं काय करायचं? हा प्रश्न मला एखाद्या कादंबरीत भेटला असता तर मी तिच्यावर दोन लेख लिहिले असते.

म्हणूनच राग जास्त येतो. टाकाऊ गेम मोडका निघाला तर कोण विचारतो?

10 डिसेंबर 2020 ला तो आला. त्याआधी तारीख तीनदा पुढे गेली होती: एप्रिलवरून सप्टेंबर, सप्टेंबरवरून नोव्हेंबर, नोव्हेंबरवरून डिसेंबर. कामगारांना आठवड्याचे सहा दिवस राबवणं सुरू होतं. आणि आला तो असा की प्लेस्टेशन 4 वर चित्र सेकंदाला 20 फ्रेमच्याही खाली घसरे, गेम मध्येच बंद पडे, रस्त्यावरची माणसं डोळ्यांदेखत उगवत आणि गायब होत, आणि गुन्हा केला की पोलीस गाडीबिडी न घेता थेट पाठीमागे अवतरत. (आपल्याकडे पोलीस इतक्या लवकर पोहोचले असते तर किती बरं झालं असतं.) कॉम्प्युटरवरही एक नामी बिघाड होता. सेव्ह फाइल 8 एमबीच्या वर गेली की ती खराब व्हायची, म्हणजे पन्नास-साठ तासांची मेहनत पाण्यात. त्यावर कंपनीचा पहिला सल्ला काय, तर पात्राजवळ सामान कमी बाळगा!

यामागचं तांत्रिक कारण समजून घेण्यासारखं आहे. इतकं मोठं शहर यंत्राच्या मेमरीत एकदम मावत नाही. तुम्ही गाडी हाणत पुढे जाल तसतसे पुढचे रस्ते, इमारती, माणसं डिस्कवरून उचलून आणावी लागतात आणि मागचं टाकून द्यावं लागतं. प्लेस्टेशन 4 हे 2013 चं यंत्र, आत जुनी फिरती हार्ड डिस्क. दस्तरख्वानावर दोनशे माणसं बसलेली आणि भटारखान्यातून ताटं आणणारी पोरं दोन, असा तो प्रकार. कुणासमोर पुलाव नाही, कुणासमोर रिकामी रकाबी. जानेवारी 2021 मध्ये कंपनीचे सहसंस्थापक मार्चिन इविन्स्की यांनी व्हिडिओतून माफी मागितली, तेव्हा हेच कारण दिलं: आधी कॉम्प्युटरसाठी भव्य बनवायचं, मग जुन्या कन्सोलवर बसवायचं, असं ठरवलं होतं, आणि ते बसवणं वाटलं होतं त्याहून फार अवघड निघालं.

अवघड निघालं, हे मी मान्य करतो. अभियांत्रिकीत असं होतं. पण दुसरी गोष्ट मान्य करता येत नाही. गेम येण्याआधी समीक्षकांना फक्त कॉम्प्युटरवरची आवृत्ती दिली गेली. कन्सोलची दिलीच नाही. वर अट अशी की समीक्षणाच्या व्हिडिओत स्वतः खेळताना टिपलेलं चित्रण वापरायचं नाही, कंपनीने दिलेलं वापरायचं. आणि गुंतवणूकदारांना सांगितलं जात होतं की जुन्या कन्सोलवरही गेम छान चालतो. 14 डिसेंबरला कंपनीने जी पहिली माफी मागितली, ती जुन्या कन्सोलवरचा खेळ आधी दाखवला नाही याचीच होती. म्हणजे चूक कुठे झाली हे त्यांनाही पक्कं ठाऊक होतं.

सहीह मुस्लिममध्ये एक प्रसंग नोंदलेला आहे, आपल्यापैकी बहुतेकांनी मदरशात किंवा जुम्म्याच्या बयानात तो ऐकलेला असतो. अल्लाहचे रसूल (स.) बाजारातून जात असताना धान्याच्या एका ढिगात हात घालतात. बोटांना ओल लागते. मालकाला विचारतात, हे काय? तो म्हणतो, पावसाने भिजलं. त्यावर ते म्हणतात की मग भिजलेलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं. आणि फसवणाऱ्याशी आपलं नातं नसल्याचं बजावतात. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की पाऊस पडला याबद्दल त्या माणसाला कोणी बोललं नाही. धान्य भिजणं हा गुन्हा नव्हता. ओलं विकूही नको, असंही सांगितलं नाही. ओलं वर ठेव, एवढंच.

वऱ्हाडातल्या माणसाला हे वेगळं शिकवायची गरज नाही. कापसाची गाडी बाजारात नेली की ग्रेडर वरचा कापूस बघतच नाही, तो खोल हात घालून आतला बाहेर काढतो. सीसीआयच्या खरेदी केंद्रावर 8 टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, त्यापुढे 12 टक्क्यांपर्यंत भावात कपात, आणि 12 च्या वर गेला की गाडी परत. शेतकऱ्याच्या कापसाला ओलाव्याचं यंत्र लावतात. अब्जावधींच्या गेमला मात्र कोणी हात घालून पाहायचं नाही, कारण वरचा कोरडा थर कंपनी स्वतः उचलून दाखवणार.

आता आपल्या भागाचं बघा. गेम आला त्या दिवशी भारतात प्लेस्टेशन 5 विकायलाही नव्हता. तो इथे आला 2 फेब्रुवारी 2021 ला, 49,990 रुपयांना. म्हणजे 10 डिसेंबरला भारतात ज्याने प्लेस्टेशनसाठी हा गेम घेतला, त्याच्या हाती ओलाच माल पडला. आठवडाभरातच सोनीने आपल्या ऑनलाइन दुकानातून गेम काढून टाकला आणि तिथून घेणाऱ्यांचे पैसे परत देऊ केले. तो तिथे परतला 21 जून 2021 ला. पण आपल्याकडे बरेच जण डिस्क घेतात, कारण डिस्क खेळून झाल्यावर विकता येते, मित्राशी बदलता येते, गेमिंग पार्लरवाल्याला देता येते. आणि आपल्या बाजारपेठेतल्या दुकानांचा नियम काय, तर सील फुटलं की माल परत नाही. आता सील फोडल्याशिवाय गेम मोडका आहे हे कळणार कसं, हे त्या दुकानदारालाच विचारा.

दुरुस्ती येते ती पॅचच्या रूपाने, इंटरनेटवरून. मार्च 2021 चा पॅच 1.2 हा एकटाच तीस जीबीहून मोठा होता. दिवसाला दीड जीबीचा मोबाइल पॅक असलेल्या पोराने फोनवरून तो उतरवायचा ठरवला तर वीस दिवस दुसरं काही करायचं नाही. शिवाय आपल्या शहरांत इंटरनेट असतंच असं नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये अमरावतीत दंगल झाली, संचारबंदी लागली आणि नेट बंद झालं. मे 2023 मध्ये अकोल्यात तेच. त्या दिवसांत गेमचा विचार कोणाच्या मनात नव्हता, तो मुद्दा नाही. मुद्दा असा की 'आधी विकू, मग नेटवरून दुरुस्त करू' ही पद्धत ज्या गिऱ्हाइकाला डोळ्यांसमोर ठेवून चालते, तो गिऱ्हाईक जुन्या अकोल्यात राहत नाही.

2004 मध्ये 'व्हॅम्पायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स' नावाचा असाच गुणी आणि असाच बिघडलेला गेम आला होता. तो बनवणारी ट्रॉयका कंपनी पुढच्याच वर्षी बंद पडली. मग वर्नर श्पार नावाच्या एका जर्मन रसायनतज्ज्ञाने वर्षानुवर्षं फुकटात पॅच काढून तो गेम जिवंत ठेवला. ते मला जास्त प्रामाणिक वाटतं. पण तेही कॉम्प्युटरवर शक्य. कन्सोलला कुलूप असतं, तिथे कोणी भला माणूस आत शिरू शकत नाही.

हवं तर आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' नव्याने बनवायचं काम होतं. सप्टेंबर 2020 मध्ये ट्रेलर आला, लोकांनी ग्राफिक्सची टर उडवली, तारीख पुढे गेली, आणि मे 2022 मध्ये काम काढून मॉन्ट्रियलला दिलं. तेव्हा भारतीयांना जमत नाही म्हणून हसणारे आपलेच लोक होते. मी त्या कारागिरांच्या बाजूचा आहे. तो प्रोजेक्ट फसला, पण ओला थर वरच होता, जगाने आधीच पाहिला, आणि तो ट्रेलरवाला गेम कोणाच्या गळ्यात मारला गेला नाही. पोलंडच्या कंपनीने पहिल्या दहाच दिवसांत 1 कोटी 30 लाख प्रती विकल्या. तिच्या फसण्याला मात्र 'मोठी महत्त्वाकांक्षा' असं गोंडस नाव मिळालं.

भाच्याला मी सविस्तर सांगितलं ते असं. सप्टेंबर 2022 चा पॅच 1.6 हा प्लेस्टेशन 4 साठी शेवटचा मोठा पॅच. तोवर गेम बराच सावरला होता, खेळता येण्याजोगा झाला होता, हे खरं. पण ज्या 2.0 मुळे जग कंपनीला माफ करून मोकळं झालं, ज्यात पोलीस, गाड्या, कौशल्यांची सगळी रचना नव्याने घडवली, ती सप्टेंबर 2023 ची आवृत्ती, आणि 'फँटम लिबर्टी' हा नवा भाग, हे फक्त कॉम्प्युटर आणि नव्या कन्सोलसाठी. इंटरनेटवर तू ज्याची तारीफ वाचतोस तो गेम वेगळा आणि तुला मिळणारी डिस्क वेगळी. पाचशे रुपयांत मिळत असेल आणि जोशुाचा प्रसंग तेवढा पाहायचा असेल तर घे. जास्त देऊ नकोस.

त्याने विचारलं, "तो फिर किसी ने केस नहीं किया?" केली, अमेरिकेत, भागधारकांनी. 18 लाख 50 हजार डॉलरवर ती मिटली. भागधारकांचे पैसे बुडाले होते ना!

आपल्याकडे 20 जुलै 2020 पासून नवा ग्राहक संरक्षण कायदा लागू आहे. ऑनलाइन विकला जाणारा डिजिटल मालही त्याच्या व्याख्येत येतो. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही, आणि अमरावती व अकोला दोन्हीकडे जिल्हा आयोग आहे. मुदत दोन वर्षांची, म्हणजे 'सायबरपंक'च्या पहिल्या गिऱ्हाइकांची ती केव्हाच संपली. पण मोडका गेम काही हा शेवटचा नाही. पुढच्या वेळी डिस्क घेताना बिल मागून घ्या, आणि सील फोडण्यापासून गेम बंद पडेपर्यंतचा सगळा प्रकार मोबाइलवर शूट करून ठेवा.