भांगेची गोळी खाऊच्या माळेतून खाली उतरवा!

बीड जिल्ह्यातील समस्त पालक, आजी-आजोबा, टपरीचालक आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांनो,

महाशिवरात्र आणि धुळवड तोंडावर आली आहे. परळीला वैद्यनाथाच्या दर्शनाला गर्दी लोटेल आणि पाचकाच्या नावाखाली विकली जाणारी भांगेची गोळी पुन्हा चॉकलेटच्या माळेशेजारी लटकेल. काळसर, मऊ, गोडसर, चकचकीत पुडीतली. तीन वर्षांच्या लेकराने ती खाऊ समजून तोंडात टाकली, तर चूक लेकराची म्हणायची का? ऊसतोडीला गेलेल्या आई-बापांची मुलं या दिवसांत म्हाताऱ्यांच्या भरवशावर असतात. उशाखालची गोळी आणि थंडाईचा उरलेला तांब्या या मुलांच्याच हाताला लागतो. अमेरिकेत सहा वर्षांखालच्या मुलांनी गांजाचे, म्हणजे भांगेच्याच झाडाचे, पदार्थ चुकून खाल्ल्याच्या नोंदी 2017 साली 207 होत्या, 2021 साली 3,054 झाल्या. त्यातल्या दहापैकी नऊहून अधिक घटना घरातच घडल्या.

‘झोपून उठेल, काय होतंय’ म्हणणाऱ्यांचा आम्हाला संताप येतो. खाल्लेल्या भांगेची नशा लगेच चढत नाही; अर्ध्या तासापासून तीन-चार तासांपर्यंत कधीही चढते आणि यकृतातून जाताना तिचं आणखी तीव्र द्रव्य तयार होतं. मोठ्या माणसाला जेवढ्याने झिंग येते, तेवढ्याने दहा-बारा किलोचं मूल मान टाकतं. डोळे लाल, पाय लटपटतात, अंग सैल पडतं; कधी झटके येतात, श्वास मंदावतो. अशा वेळी नजर काढत बसणं, अंगारा लावणं, लिंबू-ताक पाजणं, बोटं घालून उलटी करवणं हा शुद्ध अडाणीपणा आहे. गुंगीतल्या मुलाच्या घशात काही ओतलं तर ते फुफ्फुसात जातं.

‘महादेवाचा प्रसाद आहे’ हे कोणी सांगू नये. प्रसाद लेकराचा श्वास अडवत नाही. ‘कायद्यात भांग चालते’ हेही अर्धसत्य. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यातून नुसतं पान वगळलं आहे, पण महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याने परवान्याशिवाय भांग बाळगता येत नाही. आयुर्वेदिक म्हणाल, तर औषध नियमांच्या विषारी द्रव्यांच्या यादीतच तिचं नाव आहे.

तेव्हा टपरीवाल्यांनो, माळ आजच उतरवा. आमचे कार्यकर्ते गल्लोगल्ली येणार आहेत, आणि आम्ही हाती घेतलेलं काम अर्ध्यावर सोडत नाही. मंडळांनी भांग घातलेली थंडाई वाटूच नये. घरात असेल तर कुलपात ठेवा. मूल पेंगायला लागलं की 108 ला फोन करा, कुशीवर झोपवा, पुडी सोबत घ्या आणि बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, जे जवळ असेल ते गाठा. तिथे अब्रूपायी लपवाल, तर डॉक्टर मेंदूज्वर समजून लेकराच्या पाठीतलं पाणी काढतील. भांग खाल्ली, किती वाजता, किती, हे दारातच सांगा.