एका सिगारचे मोल, हजार विड्यांचे मोल

खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजाच्या शेतकऱ्याला क्युबन सिगारशी काय देणेघेणे, असा प्रश्न कुणालाही पडेल. तरीही हिशेब त्याच्याच मापाने करून पाहण्यासारखा आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने सोयाबीनला क्विंटलमागे ५,३२८ रुपये हमीभाव जाहीर केला. मुंबईत वरच्या प्रतीच्या एका क्युबन सिगारला क्विंटलभर सोयाबीनचे पैसे सहज लागतात. जे तासाभरात राख होते, त्याचे मोल खरोखरच एवढे असते काय?

सिगारच्या बाजूने बोलायचे तर ती कष्टाची वस्तू आहे, हे मान्यच करावे लागेल. उत्तम सिगारमध्ये चुरा नसतो, अखंड पाने असतात. आतले भरण, त्याला आवळणारे पान आणि वरचे वेष्टण या तिन्हींसाठी पाने निवडून वेगळी काढतात. ती वाडग्यांत टांगून वाळवतात, ढीग रचून आंबवतात आणि मग महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे मुरत ठेवतात. शेवटी कसलेला कारागीर ती हाताने वळतो. एवढ्या खटाटोपाला साध्या सिगारेटहून अधिक दाम मिळावा, यात गैर काही नाही.

परंतु कष्टाचा हिशेब एका मर्यादेपर्यंतच पोचतो. क्युबाच्या हबानोस कंपनीने २०२२ मध्ये 'कोहिबा' आणि 'त्रिनिदाद' या नाममुद्रांचे भाव जगभर एका पातळीवर आणले, तेव्हा अनेक देशांत ते एका फटक्यात कित्येक पटींनी चढले. पान तेच होते आणि वळणारे हातही तेच. त्याच वर्षी सप्टेंबरमधील 'इयान' चक्रीवादळाने पिनार देल रिओ भागातील वाळवणीची वाडगी जमीनदोस्त केली आणि टंचाईत भर पडली. तरीही कंपनीची उलाढाल २०२४ मध्ये ८२ कोटी डॉलरच्या पुढे गेली. चीनमधील नवश्रीमंत ग्राहकांचा यात मोठा वाटा होता. म्हणजेच चढा भाव हा विक्रीतला अडथळा ठरला नाही. तोच मालाचा गुण ठरला. २००८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी एकच वाइन दोन वेगवेगळ्या किमती सांगून चाखायला दिली, तेव्हा महाग म्हणून दिलेली लोकांना अधिक रुचली आणि मेंदूतील सुखाच्या केंद्रानेही तीच साक्ष दिली. सिगारच्या धुरात हीच जादू नसेल, असे मानण्यास कारण नाही.

खरी बोच पुढेच आहे. हाताने वळलेल्या तंबाखूची कला आपल्याकडेही आहे. तिला आपण विडी म्हणतो. तेंदूपान भिजवायचे, साच्याबरहुकूम कातरायचे, जर्दा भरून वळायचे आणि दोरा बांधायचा. सोलापूर, सिन्नर, गोंदिया-भंडारा येथील हजारो स्त्रियांनी यात आयुष्य घालविले. त्यांची मजुरी हजारी हिशेबाने मोजली जाते आणि प्रतवारीत 'छाट' ठरलेल्या विड्यांचे पैसे कापले जातात, ही जुनी तक्रार आहे. गंमत म्हणजे १९६६ मध्ये संसदेने केलेल्या कामगार कायद्याच्या नावातच विडी आणि सिगार शेजारी बसल्या होत्या. बाजारात मात्र एकीचा कारागीर कलावंत ठरला, दुसरीची कारागीर केवळ मजूर राहिली. पानाची कथाही वेगळी नाही. निपाणीच्या तंबाखू उत्पादकांना रास्त भावासाठी १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली महामार्गावर ठिय्या द्यावा लागला आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले.

सरकारी करातही ही दरी उमटली आहे. १ फेब्रुवारी २०२६ पासून सिगारवर ४० टक्के वस्तू व सेवा कर लागला, शिवाय उत्पादन शुल्क वेगळे; विडीवरचा कर मात्र २८ वरून १८ टक्क्यांवर आला. रोजगाराच्या दृष्टीने हे समजण्याजोगे आहे. शरीर मात्र कराचे दर पाहत नाही. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो. धूर छातीत न ओढताही तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका टळत नाही. विडीही तितकीच निर्दय आहे. ती स्वस्त ठेवून आपण गरिबाच्या हाती आजारच स्वस्तात देतो, आणि वळणारीच्या पदरात त्यातून फारसे काही पडत नाही.

तेव्हा महागडी सिगार मोलाची आहे काय? कारागिरीपुरती, काही अंशी होय. त्यापुढचा पैसा दुर्मिळतेचा, नावाचा आणि चार लोकांत मिरवण्याचा असतो. तो कुणी स्वखुशीने मोजत असेल तर त्याचा तो प्रश्न. पण कुशल हातांना दाम देण्याची बाजाराची ऐपत आहे, हे सिगारने सिद्ध केले आहे. मग ती ऐपत सोलापूरच्या विडी कामगार स्त्रीच्या वाट्याला का आली नाही, आणि हे हात उद्या धुराऐवजी दुसऱ्या कोणत्या कामाला लागतील, याचे उत्तर शोधणे अधिक निकडीचे आहे. त्यांचे कसब खरे आहे. फक्त ते चुकीच्या वस्तूत अडकले आहे.