एक खडक, एक पत्र आणि बावीस वर्षांचं गप्प बसणं

पेद्रा ब्रांकाला बेट म्हणायचं की खडक, इथूनच सुरुवात. ओहोटीला लांबी जेमतेम १३७ मीटर, आणि त्यावर ब्रिटिशांनी १८५०-५१ मध्ये बांधलेलं दीपगृह. नाव पोर्तुगीज, अर्थ पांढरा खडक. मलेशियाच्या जोहोर किनाऱ्यापासून सुमारे १४ किलोमीटर, सिंगापूरपासून सुमारे ४४. नकाशा बघणारा कुणीही म्हणेल, हे मलेशियाचंच.

पण २३ मे २००८ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १२ विरुद्ध ४ मतांनी ते सिंगापूरला दिलं. गंमत म्हणजे मूळ मालकी जोहोरच्या सुलतानाची होती, हे न्यायालयाने मान्य केलं. मग ती गेली कुठे?

१९५३ मध्ये सिंगापूरच्या वसाहती सरकारने जोहोरला पत्र लिहून विचारलं, या खडकाचा दर्जा काय? जोहोरच्या प्रभारी राज्य सचिवांनी कळवलं की जोहोर सरकार मालकी सांगत नाही. संपलं! तेव्हा जोहोरचे परराष्ट्र व्यवहार ब्रिटिशांच्या हातात. असं पत्र लिहायचा त्या अधिकाऱ्याला अधिकारच नव्हता, हा मलेशियाचा मुद्दा न्यायालयाने मानला नाही. मला हे खटकतं. विचारणारेही ब्रिटिश, उत्तर देणाऱ्याच्या डोक्यावरही ब्रिटिश, आणि किंमत मोजली स्वतंत्र मलेशियाने.

तरी सगळा दोष त्या पत्रावर टाकता येत नाही. १९५७ ला स्वातंत्र्य मिळालं. खडकावर हक्क दाखवणारा नकाशा मलेशियाने काढला थेट १९७९ मध्ये. त्याआधीच्या त्यांच्याच सरकारी नकाशांत त्या खडकाखाली 'सिंगापूर' छापलेलं होतं! मधल्या काळात सिंगापूर तिथे झेंडा लावत होतं, आसपासच्या जहाज-अपघातांची चौकशी करत होतं. आणखी एक प्रकार बघा. पुलाउ पिसांग या मलेशियाच्या बेटावरचं दीपगृहही सिंगापूरच चालवतं. तिथला सिंगापूरचा झेंडा उतरवा, असं मलेशियाने १९६८ मध्ये सांगितलं आणि तो उतरलाही. पेद्रा ब्रांकाच्या झेंड्याबद्दल मात्र चकार शब्द नाही. न्यायालयाने नेमकं हेच धरलं.

अंतर, इतिहास, भावना यांवर आपण तासन्‌तास बोलतो. न्यायाधीशांनी पाहिलं ते कोण काय करत होतं आणि समोरचा त्यावर काय म्हणाला. इथे बोलायला होते ते फक्त कागद.

जवळच्या मिडल रॉक्सबाबत जोहोरने असं काही लिहून दिलं नव्हतं, म्हणून ते खडक मलेशियाकडेच राहिले. ब्रिटनच्या अभिलेखागारात नवे कागद सापडले म्हणून २०१७ मध्ये मलेशियाने निकालाचा फेरविचार मागितला. २०१८ मध्ये सरकार बदललं आणि अर्ज मागे घेतला गेला. मिडल रॉक्सवर मात्र आता मलेशियाने आपला सागरी तळ बांधलाय.